पगारे काकांनी पास केलेलं कॉलेज

पगारे काका कुठल्याही कॉलेजात गेले की आधी संडास बघतात. प्रिन्सिपॉल नंतर.

कडी लागते का, नळाला पाणी आहे का, आणि नळ बंद केल्यावर तो खरंच बंद होतो का, एवढं कळलं की कॉलेजचं निम्मं काम झालं, असं त्यांचं म्हणणं. उरलेल्या निम्म्यात वर्ग, फळा, कँटीन, लायब्ररी आणि शिपाई. शिकवतात कसं, हे ते बघत नाहीत. "ते बघणारे आपण कोण? त्यातलं आपल्याला काय कळतं? कडी मात्र कळते."

काका आमच्या अंबरनाथच्या चाळीतले, आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीतले. आनंदनगरच्या एमआयडीसीत पाण्याचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेला माल उलटसुलट करून बघायचा आणि पटला नाही तर त्यावर लाल रंगाचा ठिपका मारायचा. हे काम इतकी वर्षं केल्यावर माणूस घरी येऊन ते थांबवेल असं होत नाही. भाजीवाल्याच्या टोपलीतली वांगी ते वरची, मधली आणि तळाची अशी तीन काढून बघायचे. लग्नाच्या मांडवात खुर्चीत बसण्याआधी ती हलवून बघायचे, आणि शेजारच्याचीही हलवायचे, तो बसलेला असला तरी.

"मला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट," काकू सांगायच्या. "मी पोहे घेऊन उभी. हे माझ्याकडे बघतच नाहीत. आमच्या माठातून पाणी झिरपत होतं, तिकडे बघत बसले. मला वाटलं, गेलं स्थळ."

"माठ रिजेक्ट होता," काका म्हणायचे.

"आणि मी?"

"तुझी कम्प्लेंट आली का कधी?"

कॉलेज बघायचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. पण दहावी-बारावीचे निकाल लागले की चाळीतली माणसं त्यांच्या दारात यायची. आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी असते. त्या दिवशी शाळा-कॉलेजं चालू असतात, त्यामुळे चाळीत कॉलेजं चालू स्थितीत बघू शकणारी माणसं बरीच होती, पण तयारी असलेले एकटे काकाच. शुक्रवारी सकाळी पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि पायात कंपनीचे सेफ्टी शूज. खिशात टॉर्च, पिशवीत स्टीलचा पेला. पेल्यातून त्या कॉलेजचं पाणी पिऊन बघायचं. कागदावर काही लिहायचं नाही. "लिहिलं की माणसं घाबरतात आणि खरं दाखवत नाहीत."

बायकांच्या संडासात ते जाऊ शकत नसत. ते काम काकूंकडे. "बाईच्या जातीला काय काय करावं लागतं," काकू म्हणायच्या. "मला संडासाची साहेबीण केलीय यांनी." पण जायच्या. आणि आल्यावर नवऱ्याला बारीकसारीक सगळं सांगायच्या.

त्या शर्टामुळे आणि बुटांमुळे भानगडी व्हायच्या. बदलापूरच्या एका कॉलेजात वरून कोणीतरी तपासणीला येणार होतं. तिथे नेमके काका शिरले आणि शिपायाला म्हणाले, संडास दाखवा. शिपाई धावत आत गेला. दोन माणसं धावत बाहेर आली. काकांना खुर्ची, पंखा, चहा. कोणीतरी म्हणालं, साहेब, मागच्या वेळी सांगितलेलं सगळं केलंय. काकांनी शांतपणे सगळं बघितलं, चहा प्यायले आणि बाहेर येऊन कॉलेज रिजेक्ट केलं.

"का हो? एवढा मान दिला," काकूंनी विचारलं.

"चहा फार चांगला होता. वेलची होती त्यात. एवढा चांगला चहा देतात म्हणजे काहीतरी झाकायचंय."

"पण तुम्ही साहेब नाही, हे सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलंच नाही."

त्यांचा निकाल नेहमीच बरोबर यायचा असं नाही. त्यांनी लाल ठिपका दिलेल्या त्याच बदलापूरच्या कॉलेजात आमच्या समोरच्या खोलीतला मुलगा हट्टाने गेला आणि पुढे चांगल्या मार्कांनी पास झाला. त्याने पेढे आणून दिले तेव्हा काकांनी एक पेढा मोडून आत बघितला आणि म्हणाले, "खराब लॉटमध्ये एखादा नग चांगला निघतो."

माझं माहेर हिंगोलीच्या पलीकडे. आठवीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि मी इथे आले. आमचे हे आनंदनगरलाच रंगाच्या कंपनीत. मला या गावाची सवय व्हायला वेळ लागला. लोक निम्मं मराठी निम्मं हिंदी बोलायचे, आणि मला वाटायचं की माझ्या तोंडून काहीही निघालं तरी ते चुकीचंच निघणार. गॅसची टाकी कुठून आणायची इथपासून रेशनच्या दुकानात काय बोलायचं इथपर्यंत मला काकूंनी शिकवलं. काका फारसं बोलायचे नाहीत. एकदा आमचा नळ रात्रंदिवस टपकत होता, तर एका सकाळी न विचारता येऊन त्याचा वायसर बदलून गेले. जाताना म्हणाले, "शोभा, टपकणारा नळ ऐकत झोपायचं नाही. सवय लागते."

माझी धाकटी बहीण मंगल दहावी पास झाली त्या वर्षीची ही गोष्ट. गावात शाळा दहावीपर्यंतच. मी बापाला म्हटलं, तिला माझ्याकडे पाठवा, इथे कॉलेजं आहेत. तो हो म्हणाला, पण एका अटीवर. पीसीओवरून मी फोन लावला तेव्हा त्याने ती पुन्हा सांगितली.

"ह्या सोमवारपर्यंत नाव लागलं तर लागलं. नाहीतर तिला गाडीत बशिव. सेनगावचे पाव्हणे थांबलेत."

"अप्पा, ती सोळाची हाय."

"तू किती वर्षांची होतीस?"

सोमवारच्या आधी शुक्रवार एकच होता, आणि काकांनी त्याआधीच्या शुक्रवारी दोन कॉलेजं रिजेक्ट करून ठेवली होती. एकात मागच्या बाकावरून फळा दिसत नव्हता. हे बघायची त्यांची पद्धत ठरलेली. मुलाला शेवटच्या बाकावर बसवायचं, आपण फळ्याजवळ जायचं आणि खडूने लिहायचं, 'मागून दिसते का?' मग त्याखाली तेच बारीक अक्षरात, मग आणखी बारीक. मुलाने मोठ्याने वाचायचं. मंगल दुसऱ्या ओळीला अडकली. दुसऱ्या कॉलेजात कँटीनवाला पोरांवर खेकसत होता. "ज्याच्या हातात भूक आहे तो माणूस गोड पाहिजे," काका म्हणाले, आणि ठिपका मारला.

शेवटचं राहिलं उल्हासनगरचं, कॅम्प चारमधलं. काकूंचे गुडघे धरले होते म्हणून त्या आल्या नाहीत. काका, मंगल आणि मी शेअर रिक्षाने गेलो. वाटेत नाला लागला. तिथे जीन्स धुण्याचे कारखाने आहेत, ज्या रंगाचा माल चालू असेल त्या रंगाचा नाला वाहतो. त्या दिवशी निळा होता. मंगल बघतच राहिली.

"याच्यावरून कॉलेज रिजेक्ट करू नका हो," मी काकांना म्हटलं.

"नाला आपल्या ऑर्डरमध्ये नाही," काका म्हणाले.

मी फाटकापाशीच थांबले. याआधीच्या कॉलेजांतही मी आत गेले नव्हते. मोठी फाटकं, पाट्या आणि आतून येणारा एकदम शंभर मुलांचा आवाज यांच्यासमोर माझे पाय जड होतात. वॉचमन म्हणाला, "बहनजी, अंदर जाओ ना." मी म्हटलं, इथंच बरी आहे. चिवड्याची पिशवी धरून उभी राहिले. पाऊण तासाने दोघं बाहेर आले. मंगलच्या तोंडावर हसू होतं. काकांच्या नाही.

"पाणी चांगलं. फळा दिसतो. कँटीनवाला गोड आहे. लायब्ररीत थोडी धूळ आहे, म्हणजे आपण येणार म्हणून पुसलेली नाही," काका म्हणाले आणि थांबले.

"मग?"

"मुलींच्या संडासाला कडी नाही."

मंगल म्हणाली, "ताई, दाराला भोक हाय नुसतं. कडी तुटलीय. पोरी दार धरायला एकमेकींना नेतात."

"रिजेक्ट," काका म्हणाले. "सोमवारी मी हाफ डे टाकतो. विठ्ठलवाडीच्या बाजूला अजून एक आहे."

मी आयुष्यात मोठ्या माणसासमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "काका, सोमवारी संध्याकाळी अप्पा गाडीत बसवायला सांगणार. एका कडीसाठी पोरीचं लग्न लावू का मी?"

वॉचमनने मान वळवली. मंगल आपल्या चपलांकडे बघायला लागली. मला वाटलं, झालं, आता हे माणूस आपल्याशी बोलायचं नाही. काका बराच वेळ फाटकाचं बिजागर बघत होते.

"शोभा, तुला सांगतो," ते म्हणाले. "दाराला कडी नाही म्हणून पोरी संडासात जात नाहीत. जायचं नाही म्हणून पाणी पीत नाहीत. पाणी पीत नाहीत म्हणून दुपारी डोकं दुखतं. डोकं दुखतं म्हणून गणित येत नाही. मग घरचे म्हणतात, पोरीला डोकं नाही, द्या लग्न लावून. तू म्हणतेस एका कडीसाठी. कडीवरूनच लागतं लग्न."

मी चिवड्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पण तुझंही बरोबर आहे," ते म्हणाले. "डेव्हिएशनवर घेऊ."

डेव्हिएशन म्हणजे कंपनीतला शब्द. माल थोडा चुकलेला असतो, पण चालवून घ्यायचा, आणि चूक दुरुस्त करायची जबाबदारी सही करणाऱ्याने घ्यायची. काकांनी त्यांच्या नोकरीत डेव्हिएशनवर एकही व्हॉल्व्ह सोडला नव्हता असं काकूंनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी ते तसेच रस्ता ओलांडून समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार सिंधी, गादीवर बसून चहा पीत होता.

"साईं, एक कडी दो. मजबूत."

"घर के लिए?"

"कॉलेज के लिए."

"कॉलेज की कडी आप क्यों लगा रहे हो, साईं? ट्रस्टी हो?"

"माल मैंने पास किया है," काका म्हणाले.

दुकानदाराला काय कळलं माहीत नाही, पण त्याने स्क्रू ड्रायव्हर वापरायला दिला. दुपारच्या सुट्टीत वॉचमन दाराशी उभा राहिला, मंगलने टॉर्च धरला आणि काकांनी कडी बसवली. मंगल आत जाऊन कडी लावून, उघडून, पुन्हा लावून बाहेर आली. सोमवारी तिचं नाव लागलं. अकरावी कॉमर्स. अप्पाने फोनवर फक्त "बरं" म्हटलं आणि ठेवून दिला. सेनगावच्या पाहुण्यांना तो काय म्हणाला ते मी विचारलं नाही.

काकांच्या मालाला गॅरंटी असे. नाव लागलेल्या प्रत्येक मुलाने दर शुक्रवारी चार वाजता त्यांच्या दारात यायचं. दारात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, काकूंच्या हातची भजी, आणि काकांचा एकच प्रश्न, "कम्प्लेंट?"

मंगलच्या कम्प्लेंटी पहिल्या महिन्यात भरपूर होत्या. मला करमंना. अकाउंट्सचे सर इंग्रजीत बोलतात. पोरी सिंधीत हसतात, माझ्यावरच हसत असतील. मी 'लई' म्हटलं तर मागून कोणीतरी 'लई लई' करतं. माझ्या शेजारी कोणी बसत नाही. रात्री तिने मला विचारलं होतं, ताई, पाव्हणे थांबले असतील का गं अजून. हे मी काकांना सांगितलं नव्हतं. पण ते एकेक कम्प्लेंट घेऊन बसायचे, जणू व्हॉल्व्हमधून पाणी कुठून गळतंय ते शोधतायत.

"शेजारी कोणी बसत नाही. बाक कुठला?"

"पयला."

"का?"

"गावात हुशार पोरी पयल्या बाकावर बसतात."

"इथे पहिल्या बाकावर फक्त सर टेकून उभे राहतात. तिसऱ्यावर जा. भिंतीकडे नको, आतल्या बाजूला. आणि दोन माणसांची जागा सोडून बस."

पुढच्या शुक्रवारी मंगल सांगत आली की तिसऱ्या बाकावर कोमल नावाची सिंधी मुलगी येऊन बसली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कोमलने डब्यात दाल-पकवान आणलं होतं आणि मंगलने तिला ठेचा दिला होता, आणि कोमल दोन तास पाणी पीत होती.

"पाणी प्यायली ना?" काका म्हणाले. "चांगलं."

त्यांना सगळं हवं असायचं. पंखा किती वाजता बंद करतात, ऑफ पिरियडला कुठे बसता, सर चिडले तर काय म्हणतात, कँटीनमध्ये समोसा गरम असतो का. मंगल सांगताना ते डोळे मिटून ऐकायचे. मीही माझ्या दारात तांदूळ निवडत ऐकायची. तांदूळ मी त्या वेळेसाठी ठेवून द्यायची.

मग मंगल एका शुक्रवारी आली नाही. कोमलच्या घरी गेली होती. पुढच्या शुक्रवारी एक्स्ट्रा लेक्चर होतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गॅदरिंगच्या नाचाची प्रॅक्टिस. मी तिला म्हटलं, अगं, काका वाट बघतात. ती म्हणाली, "ताई, पर कम्प्लेंटच नाही काही. काय सांगू?" आणि ते खरं होतं.

चार वाजता दोन्ही खुर्च्या तशाच बाहेर यायच्या. एका खुर्चीत काका. पाच वाजले की दुसरी खुर्ची ते आत न्यायचे. चेहऱ्यावर काही नाही. मी एकदा काकूंना म्हटलं, मंगलला पाठवते, चुकलंच तिचं.

"काही चुकलं नाही," काकू म्हणाल्या. "असंच होतं दरवर्षी. ते म्हणतात, माल परत आला नाही म्हणजे चांगला निघाला." कोणी येणार नव्हतं, तरी त्या भजीचं पीठ कालवत होत्या. "आमचा राहुल पहिला लॉट. पुण्याचं कॉलेज यांनी स्वतः बघितलेलं, तीन फेऱ्या मारून. आता बेंगलोरला आहे. चौदा एप्रिलला, जयंतीला फोन येतो. कम्प्लेंट नाही."

पुढच्या शुक्रवारी मी जेवण उरकून काकांच्या दारात गेले. काय बोलायचं ते भांडी घासताना ठरवून ठेवलं होतं.

"काका, मंगलची एक कम्प्लेंट आहे."

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "बोल."

"तिच्या वर्गातला पंखा फार आवाज करतो म्हणे. सरांचं ऐकू येत नाही."

"कुठला पंखा?"

मी कधी तो वर्ग बघितलेला नव्हता. "मागचा," मी म्हटलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. आत काकूंचं लाटणं थांबलं.

"त्या वर्गात मागे पंखाच नाही," काका म्हणाले.

मला कुठे बघावं कळेना. ते उठले, आत गेले, आणि पांढरा शर्ट घालून, सेफ्टी शूजच्या नाड्या बांधत बाहेर आले.

"मागे पंखा नाही ही तर मोठी कम्प्लेंट आहे," ते म्हणाले. "चल."

वॉचमनने काकांना सलाम केला. कडीमुळे ओळख होती. मी फाटकापाशी थांबले, तर काका वळून म्हणाले, "कम्प्लेंट तू आणलीस. दाखवायला तूच पाहिजेस." मग मी गेले. आत गेल्यावर ते फाटक आतून अगदीच साधं दिसलं, मागच्या बाजूला गंज चढलेला.

दुपारची वेळ, वर्ग रिकामे. पलीकडच्या हॉलमधून गाण्याचा आणि पाय आपटण्याचा आवाज येत होता. खिडकीतून मंगल दिसली. कमरेला ओढणी बांधलेली, कोणाला तरी ओरडून सांगत होती की तुझा पाय चुकतोय. मी हाक मारणार तर काकांनी हाताने अडवलं.

"मशीन चालू असताना हात घालायचा नाही."

तिच्या वर्गात त्यांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं. बाक अरुंद होता. त्यावर कोणीतरी कर्कटकाने बदाम कोरला होता. काकांनी खडू घेतला आणि लिहिलं, 'मागून दिसते का?' मी वाचलं. माझा आवाज रिकाम्या वर्गात मोठा वाटला. त्यांनी खाली बारीक लिहिलं, मी तेही वाचलं. तिसरी ओळ डोळे बारीक करून वाचली.

काका हात झटकत मागे आले आणि माझ्या शेजारच्या बाकावर बसले. बसण्याआधी त्यांनी तो हलवून बघितला. दोघंही फळ्याकडे बघत होतो.

"तू कितवीला सोडलीस शाळा?"

"आठवीला."

"मार्क?"

"बरे होते. गणितात वर्गात दुसरी होते."

काकांनी विचारलं, "संडास नव्हता शाळेत?"

मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. अप्पाने नाही, आमच्या यांनी नाही. घरात सगळे म्हणायचे, तिला गोडी नव्हती शिक्षणाची. मीही तेच म्हणायला लागले होते.

"नव्हता," मी म्हटलं. "मागं बाभळी होत्या. आधी चालायचं. मग मोठी झाल्यावर नाही चाललं."

काकांनी मान हलवली. खिशातून टॉर्च काढला, उगाच लावून बघितला, विझवला.

"रिजेक्ट," ते हळू म्हणाले. मग बाकावर नीट टेकून बसले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "हं. अजून काय कम्प्लेंट?"

आणि मी सांगायला लागले.